चित्र नको, नकाशा दाखवा

मागच्या अंकात वरळीच्या, आता पाडून नव्याने बांधल्या जाणाऱ्या बीडीडी चाळींवर लिहिलं आणि या महिन्यात टपाल नेहमीच्या दुप्पट आलं. काही पत्रं कौतुकाची, काही चांगलीच खरमरीत. खरमरीत पत्राला आधी उत्तर देते. त्यातलं म्हणणं माझ्या लेखापेक्षा जास्त खरं आहे.

ताई, तुम्ही जांबोरी मैदान आणि चाळीतला पॅसेज यांबद्दल इतकं हळवं होऊन लिहिलंत की माझी बायको चिडली. तिची पंधरा वर्षं संडासाच्या रांगेत गेली. आता आम्हाला ५०० चौरस फुटांचं घर मिळालंय, तर शिकलेली माणसं चाळ गेली म्हणून डोळे पुसताहेत. नवं घर आवडलं म्हणून आम्ही कृतघ्न ठरतो का?
— एक वाचक, वरळी

मुळीच नाही. तुमच्या पत्नीला माझा नमस्कार सांगा, आणि चूक माझी झाली हेही सांगा.

मी त्याच चाळींत चोवीस वर्षं राहिले. १६० चौरस फुटांची खोली, आत आम्ही सात माणसं, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा. वडील गिरणीत, पाळी आठवड्याला बदलायची. आई पहाटे चारला उठायची ती रांग लागायच्या आत संडासला जाऊन यायला. आम्हा बहिणींना रात्री नऊनंतर पाणी प्यायची बंदी होती. धाकट्या भावाच्या वेळी आईला नववा महिना लागला तेव्हा तिने रात्री एकटीने पॅसेजच्या टोकापर्यंत जाऊ नये म्हणून शेजारच्या काकू आमच्या दाराशी पथारी टाकून झोपायच्या. मागच्या लेखात मी काकूंच्या पथारीबद्दल लिहिलं, आईच्या पहाटे चारबद्दल नाही. ते आधी लिहायला हवं होतं.

या चाळी कुणी मायेने बांधल्या नव्हत्या. १९२० साली, जॉर्ज लॉइड मुंबईचे गव्हर्नर असताना, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. बेत ५० हजार खोल्यांचा होता. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, मधोमध पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दारं. सुरुवातीची काही वर्षं त्यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्या होत्या. भाडं परवडत नव्हतं, खिडक्यांना सिमेंटच्या पट्ट्या असल्यामुळे आत कोंदट होतं, कामगार तिकडे फिरकेनात. पुढे गरजेपोटी माणसं आली, आणि सरकारने नुसत्या ये-जा करण्यासाठी ठेवलेल्या त्या अंधाऱ्या पॅसेजची त्यांनी ओसरी केली. आम्ही तिथे अभ्यास केला, पापड लाटले, गणपतीच्या आरत्या पाठ केल्या. थोरलीला बघायला पाहुणे आले तेव्हा आमचं अर्धं सामान समोरच्या खोलीत गेलं आणि त्यांच्या चांगल्या कपबशा आमच्याकडे आल्या. हे सगळं माणसांनी केलं, इमारतीने नाही. म्हणून इमारत गेल्याचं मला दुःख नाही. माणसांनी जे केलं त्याला नव्या नकाशात जागा ठेवली आहे का, एवढंच मी विचारते आहे.

१४ ऑगस्ट २०२५ ला म्हाडाने वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या दिल्या. त्यात माझा धाकटा भाऊ आहे. गृहप्रवेशाला गेले तेव्हा भावजयीने मला आधी दाखवली ती न्हाणीघराची कडी. आतून लागणारी, स्वतःची. ती दोनदा लावून, काढून दाखवली. आम्ही दोघी तिथेच रडलो. आईने ती कडी पाहायला हवी होती.

मग मी बाहेर येऊन लिफ्टसमोर उभी राहिले. चाळीस मजल्यांच्या इमारतीत शेजार असतो तो लिफ्टच्या दारातच. तिथे एक म्हातारा माणूस बसू शकेल का? दोन पोरं कॅरम मांडू शकतील का? वरच्या मजल्यावरून कुणाची तिरडी खाली आणायची झाली तर कशी आणणार? तुमच्या सोसायटीच्या पहिल्या सर्वसाधारण सभेत हेच बोला. लॉबीत बाक ठेवू द्या, तळमजल्यावरचा एक हॉल मंडळाला आणि महिलांना कायमचा द्या आणि तसा ठराव लिहून घ्या. देखभालीचा खर्च कोण, किती वर्षं उचलणार हेही लेखी मागा. चाळीत लिफ्ट नव्हती आणि पंपही नव्हता. इथे आहेत, आणि त्यांचं बिल दर महिन्याला येणार.

आणखी एक. शिवडीच्या १२ चाळी गोदीच्या, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टच्या आणि आताच्या पोर्ट अथॉरिटीच्या जमिनीवर आहेत, म्हणून त्या पुनर्विकासाच्या या योजनेत आलेल्या नाहीत. माझी मावशी तिथे राहते. वय एक्याऐंशी. ती अजून रांगेत उभी आहे. तुमच्या पत्नीला राग आलाच असेल तर त्यातला थोडा मावशीसाठीही राखून ठेवायला सांगा.

पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर पाडून नवं संकुल बांधायचा विषय अधूनमधून निघतो. मुलगा म्हणतो, शहर दसपट वाढलं, आता ते अपुरं पडतं, आई उगाच भावनिक होते. मी सत्तरीची आहे. यात भावना किती आणि खरं किती?
— एक वाचक, नारायण पेठ, पुणे

भावना खरी नसते असं तुमच्या मुलाला कुणी सांगितलं? बालगंधर्वांनी १९६२ साली स्वतःच्या हातांनी या नाट्यगृहाची कोनशिला बसवली. १९६७ च्या जुलैमध्ये ते गेले. वास्तू उभी राहून २६ जून १९६८ ला, म्हणजे त्यांच्या जन्मदिवशी, तिचं उद्घाटन झालं. त्यांनी ती पाहिली नाही. उभारणीत पु. ल. देशपांडे यांनी जातीने लक्ष घातलं होतं. आत गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीवेषातलं. एका नटाच्या नावाने महापालिकेने इतक्या आस्थेने बांधलेली वास्तू महाराष्ट्रात दुसरी कोणती, मला तरी आठवत नाही.

पण तुमच्या मुलाचा प्रश्नही टाळायचा नाही. शहर वाढलं, हे खरंच आहे. मग वाढलेल्या शहराला नाट्यगृह कुठे हवं? जिथे आधीच आहे तिथेच का? शहराच्या नव्या टोकांना राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी साडेपाचला घर सोडून जंगली महाराज रस्ता गाठावा लागतो. त्याला हवं आहे घराजवळचं नाट्यगृह. जुनं पाडून तिथेच मोठं बांधल्याने त्याचा एक मिनिटही वाचत नाही, उलट बांधकामाची वर्षं शहर एका नाट्यगृहाला मुकतं. आजच्या वास्तूत जे कमी आहे ते दुरुस्त करता येतं: छत, खुर्च्या, ध्वनी, वीज, रंगपटाच्या खोल्या. नवं नाटक करणाऱ्या मुलांना तीनशे खुर्च्यांची दोन छोटी नाट्यगृहं उपनगरांत द्या. माझं मत स्पष्ट आहे: बालगंधर्व ठेवा, दुरुस्त करा, आणि नवी नाट्यगृहं नव्या पुण्यात बांधा.

मुलाला मंडईची गोष्टही सांगा. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालायला विरोध केला होता. हरि रावजी चिपळूणकर त्यांच्या बाजूने होते. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला, हे त्यांचं म्हणणं. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये मंजूर करायच्या ठरावाला विरोध करणारेही फुले एकटेच. तरी मंडई झाली, १८८६ साली तिचं उद्घाटन झालं, गव्हर्नरांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणू लागले, आणि पुढे तिला नाव मिळालं ते महात्मा फुल्यांचंच.

ही गोष्ट सांगून काही जण म्हणतात, बघा, विरोध करणारे चुकतात, शेवटी इमारत सगळ्यांना आवडते. मला तसं वाटत नाही. फुल्यांचा प्रश्न इमारत कशी दिसते हा नव्हता, पैसा कुणाचा आणि कुणासाठी, हा होता. तो तेव्हाही बरोबर होता आणि आजही आहे. मंडई टिकली तिचं कारण निराळं. मधला उंच अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून फुटलेल्या लांब पाखा, त्यामुळे कुठूनही आत शिरा, कुठूनही बाहेर पडा. उंच छपरामुळे गरम हवा वर निघून जाते. गाळा उंचावर, त्यामुळे विकणारी बसली तरी तिची नजर गिऱ्हाइकाच्या नजरेला भिडते. मी वास्तुरचनेची विद्यार्थिनी असताना दोन दिवस तिथे बसून गाळ्यांची मापं घेतली होती. एका आजींनी मला मेथीची जुडी धरायला लावून स्वतः टेपचं दुसरं टोक धरलं. त्या गाळ्याची उंची बदलून बघा, त्या बाईची मान झुकेल. नगराची वास्तू चांगली की वाईट हे मी तेव्हापासून असंच मोजते.

आमच्या गावच्या नगरपालिकेने नवी इमारत बांधली. पुढची सगळी बाजू काचेची. दुपारी पडदे ओढून आत दिवे लावतात. असं का बांधतात?
— एक वाचक, अकोला जिल्हा

कारण चित्रात काच छान दिसते. तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि पश्चिमेच्या काचेतून शिरलेलं ऊन आतच कोंडून राहतं. छज्जा, खोल व्हरांडा, जाळी, दुहेरी छप्पर या आपल्या गवंड्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक असलेल्या गोष्टी. माहितीच्या अधिकारात जुन्या आणि नव्या इमारतीचं एप्रिल ते जूनचं वीजबिल मागा आणि दोन्ही आकडे गावच्या वर्तमानपत्रात शेजारी-शेजारी छापून आणा. पुढच्या इमारतीच्या वेळी त्याचा उपयोग होईल. आताच्या इमारतीला बाहेरून लोखंडी सांगाड्यावर बांबूचे किंवा मातीच्या नळ्यांचे पडदे लावता येतील. आतून लावलेला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, म्हणून त्याचा फारसा उपयोग नाही.

मी वास्तुरचनेच्या चौथ्या वर्षाला आहे. शहराच्या आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, पण निर्णय आधीच झालेला असतो असं सगळे म्हणतात. मग लिहायचं कशाला?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

सगळे म्हणतात ते पुष्कळदा खरं असतं, नेहमी नाही. मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा २०१५ च्या फेब्रुवारीत आला. लोकांनी आपापली गल्ली त्यात शोधली तेव्हा वारसा इमारती गायब, उभ्या असलेल्या देवळांवरून आणि शाळांवरून रस्ते काढलेले. हरकतींचे ढीग पडले, आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो मसुदाच बाजूला ठेवायला लावला. नवा तयार होऊन मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. त्या हरकती लिहिणारे बहुतेक जण तुमच्यासारखे नकाशा वाचायला शिकलेले नव्हते. प्रत्येकाला आपला कोपरा तेवढा माहीत होता.

उलट दाखलाही तुम्हाला माहीत हवा. १९९१ च्या नियमांत गिरण्यांची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने १९९६ साली त्या जमिनींचा एकत्रित विचार मांडला. २००१ साली नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. गिरणीत मोकळी जागा असते किती? इमारतींखालची जमीन वाटणीतून सुटली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या मार्चमध्ये तो फिरवला. ज्या गिरणीत माझ्या वडिलांची सगळी उमेद गेली तिच्या जागी आज काय आहे हे मी बसमधून बघते आणि दरवेळी वाटतं, २००१ साली त्या बदलावर हरकत घेणारे फार थोडे होते. मी तेव्हा चांगली धंद्यात मुरलेली वास्तुरचनाकार होते. मी ती अधिसूचना वाचलीच नव्हती.

म्हणून लिहा. भाषण नको. सर्व्हे नंबर, नकाशाचा पत्रक क्रमांक, आज तिथे काय आहे, मसुद्यात काय दाखवलं आहे, तुम्हाला काय बदल हवा. एका पानात. पोच घ्या आणि सुनावणीला स्वतः जा.

आमची मुलुंडची सोसायटी १९७४ सालची, २८ बिऱ्हाडं. बिल्डरने चकचकीत पुस्तिका दिली आहे आणि कमिटी पुनर्विकासासाठी सही मागते आहे. वडील ७९ वर्षांचे, सही करत नाहीत. लोक त्यांना आडमुठे म्हणतात. मी कुणाच्या बाजूने उभी राहू?
— एक वाचक, मुलुंड

आधी वडिलांना विचारा, त्यांना नेमकी भीती कशाची. इतक्या वर्षांत माझ्याकडे आलेल्या आडमुठ्या म्हाताऱ्यांपैकी बहुतेकांचं म्हणणं एका वाक्यात मावणारं होतं. एकाला सकाळचं ऊन हवं होतं. एकीला वाटत होतं की भाड्याच्या घरातच आपला शेवट होईल, चावी बघायला मिळणार नाही. ही दुसरी भीती खोटी म्हणता येत नाही. कामं रखडलेली आणि भाडं बंद झालेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

सही कोणत्या कागदावर मागताहेत ते बघा. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ (अ) खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात प्रत्येक पायरी लिहून दिलेली आहे: खास सभा, निबंधकांचा प्रतिनिधी हजर, सभेचं चित्रीकरण, एकाहून जास्त निविदा, ५१ टक्के संमती, बिल्डरची बँक गॅरंटी. सभेआधी घरोघर फिरून घेतलेल्या सह्या म्हणजे यातली कुठलीच पायरी नव्हे. सोसायटीने स्वतःचा वास्तुरचनाकार आणि स्वतःचा वकील नेमावा, आणि त्यांची फी सोसायटीनेच द्यावी. बिल्डरने फी दिलेला सल्लागार तुमचा नसतो. जमिनीचं अभिहस्तांतरण झालं आहे का, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर आहे का, तेही तपासा. झालं नसेल तर आधी ते.

आता पुस्तिका. माझ्या नणंदेच्या सोसायटीतही अशीच आली होती. पहिल्या पानावर हिरवळ, झाडाखाली बाक, बाकावर आजी-आजोबा. नावं घेत नाही. इमारत झाली, आणि बाकाच्या जागी पोडियमवर, म्हणजे खालच्या पार्किंगच्या मजल्यांवर, चढणाऱ्या गाड्यांचा उतार आला. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीसमोर उघडते. हात पुरा लांब करावा लागत नाही असं वाटावं इतकी ती जवळ आहे. दिवसा दिवा लावून पोळ्या करते. तिला घर मोठं मिळालं, हे खरं. नकाशात तो उतार आणि ती भिंत दोन्ही दाखवलेले होते. आम्ही चित्र बघत राहिलो, आणि मी घरातली वास्तुरचनाकार असून मला कुणी नकाशा दाखवला नाही आणि मीही मागितला नाही.

प्रकाश-वारा ही चैन नाही. मानखुर्द-गोवंडीकडच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींचा डॉक्टर आणि आयआयटीच्या अभ्यासकांनी अभ्यास केला, तेव्हा जेमतेम तीन मीटरवर उभ्या असलेल्या इमारतींत, विशेषतः ऊन न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर, क्षयरोग जास्त आढळला. माणसं पक्क्या घरात गेली आणि आजारी पडली.

तेव्हा बिल्डरकडे चार कागद मागा. मांडणीचा नकाशा, ज्यात शेजारच्या इमारतीही काढलेल्या असतील. तुमच्या मजल्याचा नकाशा, मापांसह. इमारतीचा उभा छेद, म्हणजे गाड्या किती मजले खातात आणि तुमचा पहिला माणूस जमिनीपासून किती उंचावर राहतो ते कळेल. आणि अग्निशमनाची गाडी आत कुठून येणार, कुठे वळणार, ते दाखवणारा. क्षेत्रफळ रेरा कायद्यातल्या कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या बाहेरच्या भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेत, लिहून घ्या, दुसऱ्या कुठल्या शब्दात नको. जुन्या २८ बिऱ्हाडांत नव्यांची किती भर पडणार आणि लिफ्ट किती, तेही विचारा. नगररचनाकार शिरीष पटेल घरातल्या गर्दीइतकंच रस्त्यावरची गर्दी मोजा असं सांगत असत. तुमच्या गल्लीची रुंदी वाढणार नाही, माणसं मात्र दुप्पट-तिप्पट होणार.

हे सगळं हाती आलं की एका रविवारी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरा. वडिलांना आधी उत्तर दिशा कुठे ते शोधायला सांगा, मग त्यांची खिडकी. पेन्सिल त्यांच्या हातात द्या. १९७४ चा तुमच्या इमारतीचा मंजूर नकाशा जपून ठेवणारा माणूस बहुधा तेच असतील, तोही शेजारी ठेवा. त्यांना हवं ते नव्या नकाशात असेल तर सही करताना त्यांचा हात थरथरणार नाही. नसेल तर तुम्ही त्यांच्या बाजूने उभ्या राहा आणि सभेत नकाशा हातात धरून बोला.

मला प्रत पाठवलीत तर मीही बघेन. फक्त झेरॉक्स लहान करून पाठवू नका. १:१०० च्याच मापात पाठवा, मापपट्टी माझ्याकडे आहे.